वडिलांच्या प्रोस्टेट कॅन्सरची केमो सुरू होत आहे. घरच्यांनी नेमके काय सांभाळावे?

द्राक्षबाग (तासगाव तालुका)

नमस्कार. माझ्या वडिलांना, म्हणजे आमच्या अण्णांना, प्रोस्टेटचा कॅन्सर आहे आणि निदान झाले तेव्हाच तो कमरेच्या मणक्यांपर्यंत व खुब्याच्या हाडापर्यंत पोहोचलेला होता. त्यांचे वय ७२ आहे. दर तीन महिन्यांचे हार्मोनचे इंजेक्शन आणि जोडीला ॲबिरॅटेरॉनच्या गोळ्या यांवर आतापर्यंत त्यांची प्रकृती चांगली राहिली, बागेतली कामेही ते करत होते. अलीकडे मात्र पीएसए (प्रोस्टेटच्या आजाराचा रक्ततपासणीतला आकडा) सतत चढत आहे, बोन स्कॅनमध्ये नवे डाग दिसले आहेत, आणि मिरजेतल्या डॉक्टरांनी आता डोसिटॅक्सेलची केमो सुरू करावी, दर तीन आठवड्यांनी एक डोस द्यावा आणि तीन डोसांनंतर पुन्हा आढावा घ्यावा असे सुचवले आहे. आजार मुळातून जाण्याचा टप्पा मागे पडला आहे, आता तो आटोक्यात ठेवणे एवढेच हाती आहे, हे डॉक्टरांनी मला आणि माझ्या धाकट्या भावाला स्पष्ट सांगितले. अण्णा त्या वेळी बाहेरच्या बाकावर बसलेले होते.

आमची पहिली अडचण हीच आहे. चुलते आणि आत्या यांचा आग्रह आहे की या वयात कॅन्सरचे नाव त्यांच्या कानावर घालू नये, माणूस आजारापेक्षा धास्तीनेच खचतो. त्यामुळे त्यांना आजवर 'लघवीच्या जागेची गाठ' एवढेच सांगण्यात आले आहे, आणि केमोला 'जोराचे सलाईन' म्हणावे असे ठरत आहे. मला हे पटत नाही. पण मी आग्रह धरला आणि ते खरोखरच खचले, तर दोष माझ्या माथी येईल हेही मला दिसते.

दुसरी अडचण त्यांच्या स्वभावाची आहे. काहीही विचारले तरी 'बरं आहे' याशिवाय त्यांच्या तोंडून शब्द निघत नाही. मी पुण्यात नोकरीला आहे, भाऊ बाग पाहतो, आणि दिवसभर त्यांच्याजवळ आईच असते, तीही मधुमेही आहे. अण्णांना दुखते आहे, जेवण जात नाही, की मनाने उतरले आहेत, हे आम्हाला कळणार कसे? त्यातच द्राक्षांची ऑक्टोबर छाटणी तोंडावर आली आहे आणि छाटणीला आपण उभे राहणारच असे त्यांनी आताच जाहीर केले आहे. त्यांना अडवावे की जाऊ द्यावे? ज्यांनी घरातल्या ज्येष्ठांची केमो जवळून पाहिली आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

मिरजेची लेक

आपला प्रश्न वाचला. माझ्या वडिलांनाही याच आजारात हेच औषध दिले गेले, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

सांगावे की नाही, या वादात एक गोष्ट नातेवाईक लक्षात घेत नाहीत. केमोपूर्वी संमतीपत्रावर सही रुग्णाला करायची असते, दवाखान्याच्या पाटीवर आजाराचे नाव असते, आणि डे-केअरच्या खोलीत शेजारच्या खुर्चीवर सलाईन लावून बसलेला माणूस पहिल्या दहा मिनिटांत 'तुमचा कुठला?' असे विचारतोच. म्हणजे अण्णांना हे कळणारच आहे, फक्त ते घरच्यांकडून कळते की परक्याकडून, एवढेच आपल्या हातात आहे. माझा अंदाज असा की त्यांना ते बऱ्याच अंशी कळलेलेही असेल. दर तीन महिन्यांनी इंजेक्शन घेणारा आणि दर वेळी पीएसएचा कागद पाहणारा माणूस अजाण राहत नाही. आपण लपवतो आहोत हे त्यांना दिसते आणि मग तेही आपल्यापासून लपवतात. त्यांचे 'बरं आहे' यातून आलेले असू शकते.

तरीही सारे एका बैठकीत ओतावे असे मी म्हणणार नाही. 'अण्णा, आजाराबद्दल तुम्हाला किती सांगू? सगळे तुम्ही स्वतः ऐकणार, की आम्ही ऐकून ठरवायचे?' असे त्यांनाच विचारावे. काही माणसे खरोखरच 'तुम्ही पाहा' म्हणतात, आणि ते त्यांचे उत्तर म्हणून मान्य करावे. परंतु ते उत्तर त्यांनी दिलेले असावे, चुलत्यांनी त्यांच्या वतीने दिलेले नसावे. डॉक्टरांनाही अण्णांच्या समोर बोलायला सांगावे. आयुष्य किती उरले याचा आकडा त्यांनी न मागता कोणी सांगू नये; औषध कशासाठी आहे, त्याने काय साधेल आणि काय साधणार नाही, हे मात्र सांगावे. डोसिटॅक्सेल हे या टप्प्यावरच्या प्रोस्टेट कॅन्सरमध्ये आयुष्य वाढवते असे २००४ साली सिद्ध झालेले पहिले केमो औषध आहे. ती वाढ सरासरीने काही महिन्यांचीच असते, काहींना बरीच अधिक मिळते आणि काहींना मिळत नाही; पण हाडांचे दुखणे कमी होणे हाही त्याचा मोठा लाभ आहे, आणि अण्णांसारख्या कामाच्या माणसाला तो लाभ लगेच समजेल.

आता 'बरं आहे' बद्दल. 'कसे वाटते?' या प्रश्नाला आपल्याकडचे वडीलधारे पुरुष दुसरे उत्तर देतच नाहीत, म्हणून तो प्रश्न विचारू नये. त्याऐवजी कामाचे विचारावे. आज शर्टाची बटणे स्वतः लावलीत का? भाकरी अर्धी खाल्लीत की चतकोर? रात्री लघवीला किती वेळा उठलात? जिना चढताना थांबावे लागले का? या औषधाने बोटांना आणि तळपायांना बधिरपणा येतो, मुंग्या येतात. बटण लावता न येणे ही त्याची पहिली खूण असते, आणि ती वेळेवर सांगितली तर डॉक्टर डोस कमी करू शकतात किंवा अंतर वाढवू शकतात. न सांगता डोस पुढे चालू राहिले तर तो बधिरपणा केमो संपल्यावरही मागे राहू शकतो. माझे वडील 'तक्रार कशाला करायची' म्हणत, तेव्हा ही तक्रार नसून डॉक्टरांना लागणारी माहिती आहे हे त्यांना डॉक्टरांच्याच तोंडून ऐकवावे लागले. मुलीचे सांगणे आणि डॉक्टरांचे सांगणे यांत आपल्या घरांतून फरक केला जातो, त्याचा असा उपयोग करून घ्यावा.

निवृत्त परिचारिका, कराड

वरील उत्तराशी सहमत आहे. मी दवाखान्याच्या बाजूने काही गोष्टी सांगते, आणि त्यांतली पहिली इतर सर्वांपेक्षा महत्त्वाची आहे.

डोस दिल्यापासून साधारण सातव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास रक्तातील पांढऱ्या पेशी सर्वांत खाली गेलेल्या असतात. या काळात ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून वर गेला, अथवा ताप नसताना थंडी वाजून हुडहुडी भरली, तर ती तातडीची वेळ समजावी. सकाळ होईपर्यंत थांबू नये, आणि ताप मोजण्यापूर्वी पॅरासिटामॉल देऊ नये, कारण ताप दबतो आणि आत जंतुसंसर्ग वाढत राहतो. गावातल्या डॉक्टरांकडून इंजेक्शन घेऊन पाहू, हा विचारही नको. लगेच रक्त तपासून शिरेतून प्रतिजैविक सुरू करावे लागते आणि त्यात तासांचे महत्त्व असते. म्हणून केमो सुरू होण्याआधीच तीन गोष्टी ठरवून ठेवाव्यात: घरात चालणारा थर्मामीटर, रात्री कोणाची गाडी निघणार, आणि कोणता दवाखाना रात्री दाखल करून घेणार. कॅज्युअल्टीत पोहोचताच पहिले वाक्य 'केमो चालू आहे, शेवटचा डोस अमुक तारखेला झाला' हे असावे. ते वाक्य आईंनाही पाठ हवे, कारण त्या क्षणी घरात त्याच असतील.

दुसरी तातडी त्यांच्या मणक्यांशी संबंधित आहे. पाठीत नव्याने जोराचे दुखू लागले, पाय लटपटू लागले, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला, किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटला, तर आजारामुळे मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो. 'केमोचा अशक्तपणा असेल' असे म्हणून पुढच्या तारखेची वाट पाहू नये. त्याच दिवशी एमआरआय आणि उपचार झाले तर चालणे वाचू शकते.

बाकीचे त्रास त्रासदायक असले तरी सांभाळता येतात. केमोच्या आधी आणि सोबत स्टिरॉईडच्या गोळ्या असतात, त्यांच्या वेळा चुकवू नयेत. त्या औषधाची ॲलर्जी आणि अंगावर येणारी सूज कमी ठेवण्यासाठी असतात. त्यांच्यामुळे पहिले एक-दोन दिवस झोप लागत नाही आणि अंगात हुशारी वाटते, मग एकदम गळून गेल्यासारखे होते. घरच्यांना वाटते केमो सोसली, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी माणूस अंथरूण धरतो. हे अपेक्षित आहे. आईंना मधुमेह आहे असे आपण लिहिले आहे. अण्णांनाही असेल तर आधीच सांगावे, कारण स्टिरॉईडने साखर चढते. तोंडाची चव जाते, त्या दिवसांत आग्रह करून ताट भरू नये, थोडे थोडे अनेकदा द्यावे. मऊ भात, मुगाचे वरण, उकडलेले अंडे, घरचे ताजे ताक, जे जाईल ते. तोंड आलेले असेल तर ठेचा आणि तिखट बाजूला ठेवावे. कच्चे दूध, शिळे अन्न आणि उघड्यावरचे पदार्थ टाळावेत. कोणी नातेवाईक काढा, भस्म किंवा मुळी घेऊन आले तर त्यांचा मान राखून ती ठेवून घ्यावी, पण डॉक्टरांना दाखवल्याशिवाय अण्णांच्या पोटात जाऊ देऊ नये. अशा अनेक पदार्थांनी औषधाचे यकृतातील पचन बदलते आणि त्याचे विषारी परिणाम वाढू शकतात.

कॅन्सर संसर्गजन्य नाही. नातवंडे मांडीवर बसू शकतात, फक्त सर्दी-खोकला असलेले मूल आणि तसेच मोठे माणूसही पांढऱ्या पेशी खाली असतात त्या दिवसांत दूर ठेवावे. डोसनंतर पहिले दोन दिवस लघवी, उलटी किंवा खराब झालेले कपडे हाताळताना हातमोजे घालावेत आणि संडासात भरपूर पाणी ओतावे. घरात कोणी गरोदर असेल तर हे काम तिच्याकडे देऊ नये.

छाटणीबद्दल स्पष्ट सांगते. त्यांना बागेत जाऊ द्यावे. रोज थोडे चालल्याने केमोचा थकवा कमी होतो, आणि ज्याची हयात बागेत गेली त्याला ओट्यावर बसवून ठेवण्यात कोणतेही वैद्यकीय शहाणपण नाही. मात्र पांढऱ्या पेशी खाली असतानाचे दिवस टाळावेत, पायात बंद बूट असावेत, फवारणी चालू असताना आणि औषधाचा वास असेपर्यंत आत जाऊ नये, शेणखतात हात घालू नये. कात्री हातात देऊ नये. बोटे बधिर असली तर कापलेले कळत नाही, आणि त्या काळात लहान जखमही चिघळते. कोणत्या काडीवर किती डोळे (अंकुर) ठेवायचे हे सांगण्यासाठी कात्री लागत नाही.

माजी मास्तर, सातारा

मी स्वतः रुग्ण आहे. हाच आजार, हेच औषध, आणि वय आपल्या वडिलांच्या आसपास. वरच्या दोन्ही ताईंनी योग्य लिहिले आहे, पण रुग्णाच्या बाजूने काही गोष्टी उरतात आणि त्या आपला बाप आपल्याला सांगणार नाही, म्हणून मी सांगतो.

हार्मोनचे इंजेक्शन पुरुषाचे पुरुषपण औषधाने बंद करते. भर थंडीत अंगातून वाफा निघून घाम फुटतो, छाती हुळहुळते, दाढी विरळ होते, वैवाहिक आयुष्य संपते, आणि डोळ्यांत विनाकारण पाणी येते. ज्या माणसाने आयुष्यभर कोणासमोर डोळे पुसले नाहीत, त्याला हे शेवटचे सर्वांत जड जाते. त्यात डोसिटॅक्सेलने डोळ्यांतून नुसतेही पाणी गळते, त्यामुळे घरच्यांना वाटते म्हातारा रडतो आहे, आणि म्हाताऱ्याला वाटते सगळे आपल्याकडेच पाहत आहेत. मनाची ही उतरण अंशतः त्या इंजेक्शनचाच परिणाम असू शकते आणि तिच्यावर उपचार आहेत. 'हिंमत धरा' हा उपचार नव्हे. हा शब्द मी इतक्या जणांकडून ऐकला आहे की भेटायला येणाऱ्यांच्या पायरीवरच्या चपला पाहूनच मला दमल्यासारखे होते. लघवी गळते म्हणून अनेक जण गाडीत बसायचे टाळतात आणि कारण दुसरेच सांगतात. मुलाने हे सारे थेट विचारू नये, बाप अवघडतो. डॉक्टरांकडे दहा मिनिटे त्यांना एकट्याला बसू द्यावे. आपण बाहेर बाकावर बसावे.

दुसरे, त्यांना काम द्यावे. बागाईतदार फवारणीची वही ठेवतोच: तारीख, औषध, प्रमाण, पाऊस झाला का. तशीच केमोची वही त्यांनी स्वतः ठेवावी. डोसची तारीख, सकाळचा ताप, वजन, जेवण, बोटांच्या मुंग्या, दुखणे दहापैकी किती. आपल्या आईला विचारत बसण्यापेक्षा रात्री फोनवर 'वहीत आज काय लिहिले?' एवढे विचारावे. जो माणूस तोंडाने 'बरं आहे' म्हणतो तो कागदावर खोटे लिहीत नाही, हा माझा शिक्षकी पेशातला अनुभव आहे. वजनाचा एक विशेष उपयोग असा की ते काही दिवसांत एकदम वाढले तर जेवण अंगी लागले असे समजू नये. पायांवर सूज आहे का ते पाहून डॉक्टरांना कळवावे.

पीएसएबद्दल सावध करतो. पहिल्या एक-दोन डोसांनंतर तो आकडा खाली येण्याऐवजी वर गेलेला दिसू शकतो आणि नंतर उतरतो. सुरुवातीच्या सुमारे बारा आठवड्यांत केवळ त्या आकड्यावरून औषध लागू पडत नाही असा निष्कर्ष डॉक्टर काढत नाहीत, मग घरच्यांनीही काढू नये. आमच्या घरी अहवाल आला की आधी आकडा वाचला जाई आणि मग माझा चेहरा. आपल्या घरात तसे होऊ देऊ नका.

दुखण्याच्या गोळ्या मागितल्या तर द्याव्यात. मॉर्फिनचे नाव ऐकले की 'आता शेवट आला' असे आपल्याकडे समजले जाते; ते खरे नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली दुखण्यासाठी घेतलेले मॉर्फिन माणसाला चालते-बोलते ठेवते, फक्त बद्धकोष्ठाचे औषध सोबत मागून घ्यावे. वेदनाशमन पाहणारे डॉक्टर वेगळे असतात, त्यांच्याकडे आत्ताच एकदा जाऊन यावे. त्यांची गाठ अखेरीलाच घ्यायची असते असा काही नियम नाही.

पलूसहून

खर्चाविषयी आपण विचारलेले नाही, तरी लिहितो. अण्णा ७० वर्षांच्या वर आहेत, त्यामुळे ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झालेल्या आयुष्मान वय वंदना कार्डासाठी ते उत्पन्नाची अट न लागता पात्र आहेत. त्यासाठी आधार कार्ड लागते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतही केमोथेरपी बसते. दोन्हींसाठी दवाखाना योजनेच्या यादीत असावा लागतो आणि तेथील आरोग्यमित्राकडून (दवाखान्यातला योजनेचा प्रतिनिधी) मंजुरी डोसच्या आधी घ्यावी लागते. डोस झाल्यावर कागद घेऊन गेलात तर कोणी दाद देत नाही, म्हणून पहिल्या तारखेच्या आधी भावाला एक फेरी मारायला सांगा.

एकदा परळच्या टाटा रुग्णालयात दाखवून दुसरे मत घ्यावेसे वाटले तर मिरज किंवा सांगलीहून रेल्वेने जाताना कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थ्री-टियर एसीमध्ये पूर्ण सवलत आणि सोबतच्या एका व्यक्तीला ७५ टक्के सवलत मिळते. डॉक्टरांनी भरून दिलेला विहित नमुना तिकीट काढताना दाखवावा लागतो. राहण्यासाठी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत चौकशी करावी.

द्राक्षबाग (तासगाव तालुका)

सर्वांचे मनापासून आभार. आत्या आणि चुलते यांच्याशी काल फोनवर बोललो. आत्या तयार झाल्या, चुलते अद्याप नाराज आहेत, पण पुढच्या भेटीत अण्णांना आमच्याबरोबर डॉक्टरांच्या खोलीत बसवायचे आणि किती सांगायचे हे त्यांनाच विचारायचे, असे आम्हा दोघा भावांचे ठरले आहे. वहीची कल्पना मी त्यांना नुसती सांगितली, तर त्यांनी भावाकडून फवारणीची जुनी वही मागून घेतली आणि मागची कोरी पाने मोजली.

एक शंका राहिली आहे. डॉक्टरांनी केमोसोबत हाडे बळकट करण्यासाठी झोलेड्रॉनिक ॲसिडचे इंजेक्शनही सुरू करू असे म्हटले आहे. अण्णांची एक दाढ बरेच दिवस हलते आहे आणि ती छाटणीनंतर निवांत काढू असे ते म्हणतात. हे चालेल का?

निवृत्त परिचारिका, कराड

नाही, दाढ काढणे लांबवू नका, आणि उलट क्रमाने तर मुळीच करू नका. हाडांचे ते इंजेक्शन सुरू झाल्यानंतर दाढ काढली तर जबड्याचे हाड उघडे पडून न भरणारी जखम होण्याचा धोका असतो. केमो चालू असताना पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) कमी असतात, त्यामुळे तेव्हाही दाढ काढणे जोखमीचे असते. त्यामुळे दोन्ही सुरू होण्याआधी दंतवैद्यांना दाखवावे, काढायची असल्यास आत्ताच काढावी, आणि जखम पूर्ण भरल्याचे दंतवैद्यांनी सांगितल्यावरच इंजेक्शनची तारीख घ्यावी. यासाठी केमोचा पहिला डोस काही दिवस पुढे न्यायचा की हाडांचे इंजेक्शन तेवढे मागे ठेवायचे, हे तुमचे कॅन्सरचे डॉक्टर ठरवतील, पण त्यांना दाढेबद्दल माहीतच नसेल. उद्या सकाळी ओपीडी सुरू होताच फोन करून सांगा. इंजेक्शनपूर्वी किडनीसाठी क्रिएटिनिन आणि रक्तातील कॅल्शियम तपासतात, तेही याच फोनमध्ये विचारून घ्या, म्हणजे रक्त एकदाच द्यावे लागेल.